माणसानंतर बैल येतो का?

पुतणी आज क्लासवरून आली ती तशीच आतल्या खोलीत जाऊन बसली. जेवली नाही. तलाठी भरतीसाठी तालुक्याला क्लास लावलाय तिनं. आज मराठी व्याकरणात सार अलंकार होता. सरांनी विचारलं, स्वतःचं उदाहरण कोण सांगतं? ही उभी राहिली आणि आमच्या आजीचं, म्हणजे तिच्या पणजीचं, वाक्य बोलली. त्यात डाग म्हणजे दागिने, जोडी म्हणजे बैलजोडी.

"पयले डाग गेले, मंग वावर गेलं, मंग तुहा आजा गेला, अन् मंग जोडी गेली."

सर म्हणाले, "चूक. चढता क्रम पाहिजे. माणसानंतर बैल येतो का? बस खाली." वर्ग हसला.

तेव्हापासून डोकं तापलंय माझं. अरे, कुणाच्या घरातलं वाक्य आहे ते, एवढं तरी विचारायचं!

सार अलंकार म्हणजे एकाहून एक वरची पायरी. 'काव्यात नाटके रम्य, नाटकात शकुंतला', मग चौथा अंक, मग त्यातले चार श्लोक. हे उदाहरण आपण सगळ्यांनीच घोकलंय. पण त्याच धड्यात ते मर्कटही आहे ना? आधीच माकड, त्यात दारू प्यालेलं, त्यात विंचू चावला, त्यात भूतबाधा झाली. तिथं भूत शेवटी का येतं? माकडापेक्षा भूत थोर म्हणून? नाही. हाल वाढत जातात म्हणून. क्रम चढतो तो हालांचा. आजीचं वाक्य तसंच चढतं.

आजा गेला तेव्हा अर्धं वावर सावकाराकडं गेलेलं होतं. पण जोडी दावणीला होती. आजीनं ती जोडी दुसऱ्यांच्या वखरणी-डवरणीला भाड्यानं दिली, उरलेल्या तुकड्यात पऱ्हाटी पेरली, दोन वर्षं घर ओढलं. ज्या दिवशी जोडी बाजारात नेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी ती लोकांच्या वावरात निंदायला गेली. नवरा गेला तरी ती शेतकरीण होती. जोडी गेली तेव्हा ती मजूर झाली. आता सांगा, शेवटी काय यायला पाहिजे?

आणि हे विदर्भात समजावून सांगावं लागतं! खांदेमळणीला बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावणाऱ्या, पोळ्याच्या तोरणाखाली झडत्या म्हणणाऱ्या गावांत!

सरांना अभ्यासक्रम संपवायचा असतो, परीक्षेत पर्याय चारच असतात, हे मान्य. माणूसही वाईट नाही, फी थकली तरी पोरांना सांभाळून घेतो. तरी 'चूक' म्हणायचा हक्क त्यातून मिळत नाही.

महात्मा फुल्यांनी 1883 साली 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये हीच शिडी मांडली. विद्येविना मती गेली, मतीविना नीती, नीतीविना गती, गतीविना वित्त, आणि वित्ताविना शूद्र खचले. संस्कृतवाले अशा कारणांच्या साखळीला कारणमाला म्हणतात, म्हणोत. त्यातलं एक पद जागचं हलवून बघा. वित्त आधी घेतलं आणि मती शेवटी, तर सगळी साखळी तुटते. कशामुळं काय गेलं, हे त्या क्रमातच आहे. आजीला असूड वाचता येत नव्हता. पण काय कशाच्या मागं गेलं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

हे लिहिता लिहिता राग जरा उतरलाय, कारण एक गोष्ट आठवली आणि ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. कॉलेजात असताना गावच्या गणपतीत मी शेतकऱ्यावर भाषण केलं होतं. त्यात आजीचं हेच वाक्य घेतलं. पण क्रम बदलला. डाग, वावर, जोडी, आणि शेवटी आवाज खाली आणून, 'माझा आजा गेला'. टाळ्या पडल्या. बाया पदर डोळ्यांना लावत होत्या. आजी पुढंच बसली होती, सतरंजीवर.

घरी आल्यावर तिनं भाकर वाढली. म्हणाली, "चांगलं बोल्ला बाप्पा." मग बऱ्याच वेळानं, चुलीतलं लाकूड मागं ओढता ओढता, "पण जोडी मागून गेली होती."

आत्ता पुतणीला हे सांगून आलो. ती उठून जेवायला बसली आहे.