बुडबुडे थांबले म्हणजे सायडर तयार? नाही हो!

"नळीतून बुडबुडे यायचे थांबले की बाटल्या भरून टाका" असा मेसेज घरी सायडर (सफरचंदाचा रस आंबवून केलेली दारू) बनवणाऱ्यांत फिरतोय, तो अर्धवट आहे. रस आंबवायच्या बादलीचं झाकण जरा जरी लूज असलं ना तर गॅस तिथूनच निघून जातो आणि पाण्यात बुडवलेली नळी गप्प बसते, आत यीस्ट मात्र साखर खातच असतं, आणि थंडीत ते झोपलं तरी उकाडा वाढला की बंद बाटलीत पुन्हा जागं होतं, काच फुटते ती अशी. हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजायचं उपकरण, साखर संपत जाते तसा त्याचा आकडा खाली येतो) लावा. सायडर बहुतेक वेळा १.००० च्या आसपास किंवा खालीच जातं, बिअर साधारण १.०१० ला थांबते, पण आकडा दोन-तीन दिवस हलला नाही पाहिजे, ते खरं. मी सोबत एक प्लॅस्टिकची कोल्ड्रिंकची बाटली भरतो, ती दाबून दगडासारखी लागली की बाकीच्या लगेच फ्रिजमध्ये.