एमएस आहे म्हणून मूल नको? त्या मेसेजला उत्तर

'मल्टिपल स्क्लेरोसिस असलेल्या बाईने मूल होऊ देऊ नये' असा मेसेज पुन्हा फिरतोय. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंच्या आवरणावर हल्ला करते. कारणं दिलीत ती अशी: गरोदरपणात आजार बळावतो, तो बाळात उतरतो, पाठीतल्या भुलीने पाय जातात आणि दिवस राहताच सगळी औषधं बंद करावी लागतात.

पहिलं कारण तर साफ उलटं आहे. 1998 साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये युरोपातल्या 12 देशांतल्या 254 जणींचा अभ्यास आला. दिवस राहण्याआधी त्यांना वर्षाला सरासरी 0.7 अटॅक यायचे, म्हणजे आजाराची लक्षणं एकाएकी उफाळायची. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत हा दर 0.2 वर आला. पोटातला गर्भ निम्मा बापाचा, म्हणजे आईच्या शरीराला परकाच. तो टिकावा म्हणून तिची प्रतिकारशक्ती जरा नमतं घेते आणि मज्जातंतूंच्या आवरणावरचा हल्लाही ओसरतो, असं मानलं जातं. खरी काळजी पुढे आहे, आणि मेसेजमध्ये तिचा उल्लेखही नाही: बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत दर 1.2 वर गेला. तरीही त्या काळात दहातल्या सात जणींना एकही अटॅक आला नाही.

आई किंवा बाप, एकाला एमएस असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता साधारण 2 ते 3 टक्के. इतरांपेक्षा जास्त, पण 'उतरतोच' म्हणण्याजोगी नक्कीच नाही. भुलीचं म्हणाल, तर त्याच अभ्यासात एपिड्युरलने, म्हणजे बाळंतपणात पाठीत दिल्या जाणाऱ्या भुलीने, आजार वाढलेला दिसला नाही. अंगावर पाजल्यानेही नाही.

औषधांचा सल्ला मात्र थेट धोक्याचा. सगळी औषधं एका मापाने मोजता येत नाहीत. इंटरफेरॉन, ग्लॅटिरामर गरज असल्यास गरोदरपणातही चालू ठेवता येतात. टेरिफ्लुनोमाइड अजिबात चालत नाही. शिवाय गोळी थांबवली तरी ते रक्तात दोन वर्षांपर्यंत रेंगाळू शकतं, म्हणून कोलेस्टिरामाइन किंवा औषधी कोळसा साधारण 11 दिवस देऊन ते बाहेर काढावं लागतं. ते चालू असताना दिवस राहिले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. फिंगोलिमोड मुलाचा विचार करण्याच्या किमान दोन महिने आधी सोडायचं, पण तेही मनाने नाही: ते किंवा नॅटालिझुमॅब बंद केल्यावर आजार उसळून येऊ शकतो, कधी पूर्वीपेक्षा जोरात. म्हणून न्यूरोलॉजिस्टशी बोलणं दिवस राहण्याच्या आधीच व्हायला हवं, आणि बाळंतपणानंतर कोणतं औषध कधी सुरू करायचं, पाजताना ते चालेल का, हेही तेव्हाच ठरवून घ्यावं.

घरच्यांसाठी एकच सांगणं. बाळंतिणीची नजर एकाएकी धूसर झाली, पाय बधिर पडला, तर 'बाळंतपणाचा अशक्तपणा, जाईल आपोआप' म्हणून अंगावर काढू देऊ नका; तो एमएसचा अटॅक असू शकतो.