विम्यातलं गणित न्यायात का चालू नये? – ‘एक वाचक’ यांना उत्तर

‘एक वाचक’ यांस,

माझ्या मागच्या लेखाखाली आपण परवा रात्री टाकलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. पहिल्यांदा वाचून राग आला, दुसऱ्यांदा तो राग रास्त आहे का हे बघायला वाचली, आणि तिसऱ्यांदा वर्ष तपासायला. वर्षाचं आधी उरकून टाकतो. अर्नेस्ट बर्जेस या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी इलिनॉय राज्यातल्या पॅरोलवर, म्हणजे मुदतीआधी अटींवर सुटणाऱ्या कैद्यांवर, केलेला अभ्यास मी १९३८ चा म्हणून दिला होता. तो १९२८ चा आहे. चूक माझी, दुरुस्त केली आहे, आभार. पण ‘यावरूनच लेखकाने मुळातलं काही वाचलेलं नाही हे उघड होतं’ असं जे आपण पुढे जोडलंत, ते वाचून हसू आलं. एका खुणेवरून अख्खा माणूस ठरवायचा! लेख याच खोडीवर होता हो.

ज्यांनी तो वाचलेला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. माणसाने काय केलं याऐवजी तो पुढे काय करील, या प्रश्नाला पोलीस, न्यायालयं आणि तुरुंग हळूहळू जास्त जागा देत गेले, आणि शिक्षा ही केल्याची भरपाई न राहता होणाऱ्याची तजवीज होऊ लागली, असं मी म्हटलं होतं. माझा शोध नव्हे. फीली आणि सायमन या दोघा अमेरिकन अभ्यासकांनी १९९२ मध्येच ते नीट मांडलंय. त्यावर आपलं म्हणणं असं: विमा कंपनी रोज माणसांची जोखीम मोजते तेव्हा कुणी ओरडत नाही, मग न्यायाधीशाने मोजली तर एवढा गळा का काढायचा? शिवाय न्यायाधीशाची मर्जी आकड्यापेक्षा वाईट. शिवाय मी एकच बाजू दाखवतो. शिवाय चोरी होण्याआधीच आपण कुलूप लावतो, तसंच हे. आणि शेवटी, ‘विषय झेपत नसेल तर लेखकाने कविता कराव्यात.’

मतभेदाला माझी ना नाही. अकरा वर्षं लिहितोय, याहून कडक प्रतिक्रिया आल्या आणि त्या मी जपूनही ठेवल्यात. पण त्या लिहिणाऱ्यांनी खाली स्वतःचं नाव घातलं होतं. आपण नाव झाकून, रात्री पावणेबारा वाजता, दुसऱ्याला कविता करायला धाडता. बरं, धाडा. फक्त ज्या वाक्यावर आपली सगळी भिस्त आहे ते विम्याचं आहे, आणि तिथे आपण चुकीच्या दारात आलात. मी सव्वीस वर्षं विमा कंपनीत काढली. त्यातली चौदा मोटार क्लेमच्या टेबलावर. तेव्हा विम्यात काय चालतं हे मला कुणी शिकवायला नको.

विम्याचं गणित घोळक्याचं असतं. चोविशीतल्या पोराला आम्ही हप्ता जास्त लावायचो तेव्हा ‘तू गाडी ठोकणार’ असं कुणी म्हणत नसे. तुझ्या वयाच्या दहा हजारांत ठोकणारे जास्त निघतात, ते नेमके कोण हे आम्हाला ठाऊक नाही, म्हणून सगळे मिळून थोडं जास्त भरा, एवढाच त्याचा अर्थ. आमच्या पहिल्या साहेबांचं एक वाक्य होतं: हप्त्याच्या दरांचं टेबल माणसाला ओळखत नाही आणि ओळखल्याचा आवही आणत नाही. त्या पोराने वर्षभर गाडी नीट चालवली की पुढच्या हप्त्यात नो क्लेम बोनस. नसेल पटत तर दुसऱ्या कंपनीत जा. काही प्रपोजल आम्ही परतही पाठवायचो. ती माणसं कपाळाला आठ्या घालून घरी जायची. घरी, हे लक्षात घ्या.

न्यायालयात तेच घोळक्याचं गणित एका माणसाच्या मानेवर ठेवतात. ‘या गटातल्या शंभरांपैकी साठ जण दोन वर्षांत पुन्हा पकडले जातात’ हे वाक्य गटाबद्दल खरं असेलही. पण समोर उभा असलेला साठांतला की चाळिसांतला, हे त्यात कुठेच नाही. कोठडी मात्र त्याची एकट्याची.

आता खरी गोम. विम्यात आमची चूक आमच्या समोर यायची. हप्ता कमी लावला तर क्लेम येऊन आदळायचे, जास्त लावला तर गिऱ्हाईक पळायचं. वर्षअखेरीला क्लेम रेशो, म्हणजे हप्ते किती आले आणि क्लेमपोटी किती गेले, ते बघून वरचे लोक टेबल बदलायला लावायचे. तुरुंगात काय होतं? माणूस धोकादायक म्हणून आत ठेवला. त्याने काही केलं नाही. का नाही केलं? आत होता म्हणून. म्हणजे अंदाज बरोबर! उलट सोडला आणि त्याने काही केलं, तर सोडणाऱ्याचं नाव दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या तोंडी. सोडण्याची चूक बोंबलत येते, ठेवण्याची चूक कधीच येत नाही. अशा वहीत आकडा कुठल्या बाजूला सरकत जाणार? ज्याला आपली चूक कधी दिसतच नाही, त्या धंद्याला विमा म्हणू नका. आमच्या धंद्याची ती बदनामी आहे.

एकदा, तेही अपघाताने, ती वही उघडली गेली. न्यूयॉर्क राज्यात जॉनी बॅक्स्ट्रॉम नावाच्या कैद्याची शिक्षा संपली होती, तरी मनोरुग्ण आणि धोकादायक ठरवून त्याला तुरुंग खात्याच्या इस्पितळातच ठेवलं होतं. १९६६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हे बेकायदा ठरवलं, आणि त्याच्यासारख्या ९६७ जणांना साध्या मनोरुग्णालयांत हलवावं लागलं. तिथले कर्मचारी धास्तावले होते. हे सगळे ‘तिथे ठेवण्याजोगे नाहीत’ असं डॉक्टरांनी लिहून दिलेले लोक. पुढच्या चार वर्षांत त्यांतले परत त्या बंदोबस्ताच्या इस्पितळांत धाडावे लागले ते शंभरात तिघांहूनही कमी. बरेचसे वयाने पिकले होते, हे मीच सांगतो, नाहीतर आपण सांगालच. पण मग ते पिकेपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही, ते का?

आणि ही जुनी गोष्ट म्हणून सोडून द्यायची असेल तर इंग्लंड घ्या. तिथे २००३ च्या कायद्याने एक शिक्षा आणली, २००५ पासून ती लागू झाली: गुन्ह्यापुरती मुदत भोगा, आणि नंतर आपण धोकादायक उरलो नाही हे पॅरोल बोर्डाला पटेपर्यंत आतच राहा. काहींची मूळ मुदत दोन वर्षांच्या आतली होती. आठ हजारांहून जास्त लोकांना ही शिक्षा झाली. जोखीम कमी झाली हे दाखवायचं तर तुरुंगातले ठरावीक कोर्स करायचे, आणि कोर्सला जागा नाही! २०१२ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने यावरच ठपका ठेवला. त्याच वर्षी ती शिक्षा रद्द झाली, पण आधी ज्यांना झाली होती त्यांची तशीच राहिली. दोन वर्षांसाठी गेलेली माणसं दहा-दहा वर्षं आत. ज्या गृहमंत्र्यांनी ती आणली त्या डेव्हिड ब्लंकेट यांनी पुढे स्वतःच खेद व्यक्त केला. आमच्या एखाद्या पॉलिसीत असं कलम असतं तर ग्राहक मंचाने आम्हाला उभं केलं असतं.

मी हे ऐकीव लिहीत नाही. निवृत्तीनंतर दोन वर्षं मी एका तुरुंगात कैद्यांचे अर्ज भरून द्यायला जायचो, आठवड्यातून एक दिवस. लांबट फॉर्म, खाली कार्बन. त्यात एक रकाना: ‘निवास – स्थिर / अस्थिर’, आणि कंसात सूचना, पाच वर्षांत तीनहून अधिक पत्ते असल्यास ‘अस्थिर’ लिहावे. समोर एक गवंडी बसला होता, चाळिशीचा, नखांत अजून चुना असल्यासारखे हात. पत्ते सांगताना बोटं मोजत होता. जिथे इमारत चालू तिथे मुक्काम, सहा झाले. मी ‘अस्थिर’ लिहिलं. त्याला अक्षर लागत होतं. म्हणाला, “साहेब, काम सोडून बसलो असतो तर एकच पत्ता झाला असता ना?” मी पेन तसंच धरून बसलो. फॉर्ममध्ये शेऱ्याला जागा नव्हती. कार्बन खाली असल्यामुळे खोडताही येईना. पुढच्या खेपेला कळलं, अर्ज नामंजूर. त्या एका रकान्यामुळेच असं मी म्हणत नाही. पण तो शब्द माझ्या अक्षरात आहे, आणि मला आकड्यांची भाषा कळत नाही असं कुणी लिहिलं की तो आठवतो.

बर्जेस यांच्या त्या १९२८ च्या (बघा, आता बरोबर लिहिलं) अभ्यासातही हेच. तीन हजार सुटलेले कैदी, सुटल्यावर कोण बिघडेल हे सांगायला एकवीस बाबी, आणि त्यांत माणसाचा ‘सामाजिक प्रकार’: भटक्या, दारुडा, शेतावरचा पोरगा, निकम्मा. ‘निकम्मा’ हे मोजमाप आहे की शिवी, हे आपणच ठरवा.

आता उरलेलं. एकच बाजू दाखवल्याचा आरोप: आरोपी पुन्हा गुन्हा करील का याचे गुण देणाऱ्या, फ्लोरिडात वापरलेल्या ‘कॉम्पास’ या संगणक प्रणालीबद्दल २०१६ मध्ये जे बाहेर आलं ते मी दिलं होतं. पुढे ज्यांनी पुन्हा गुन्हा केला नाही, त्यांच्यातल्या काळ्यांपैकी जवळपास ४५ टक्क्यांना आणि गोऱ्यांपैकी साधारण २३ टक्क्यांना जास्त जोखमीचं ठरवलं गेलं होतं. ती बनवणाऱ्या कंपनीचं उत्तरही दिलं होतं, की एकाच गुणाचा अर्थ दोन्ही गटांत सारखाच आहे. दोघंही आपापल्या जागी खरे, कारण दोन गटांत पुन्हा पकडले जाण्याचं मूळ प्रमाणच वेगळं असेल तर दोन्ही प्रकारची समानता एकदम साधत नाही. हे गणिताने सिद्ध झालंय. मागच्या लेखाच्या चौथ्या परिच्छेदात आहे. तिथपर्यंत आला असतात तर बरं झालं असतं.

न्यायाधीशाची मर्जी आकड्याहून वाईट, हा आपला मुद्दा. असेल. त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन; आज विषय तो नाही.

आणि कुलपांबद्दल आपण जे लांबलचक लिहिलंत, त्याच्याशी माझं भांडण कधी नव्हतंच. पश्चिम जर्मनीने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला जुन्या-नव्या सगळ्या गाड्यांना स्टिअरिंग लॉक सक्तीचं केलं आणि चोऱ्या धाडकन उतरल्या. ब्रिटनने १९७१ पासून फक्त नव्या गाड्यांना केलं, तर चोर जुन्या गाड्यांकडे वळले. मोटार क्लेमवाल्याला हे तोंडपाठ असतं. ती गाडीची जोखीम. गाडीला कुलूप लावा, दोन लावा. गाडी विचारत नाही की मी काय केलं म्हणून.

आपली प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. उत्तर लिहिणार असाल तर कृपा करून एवढंच सांगा: आत ठेवलेला माणूस बाहेर असता तर त्याने काय केलं असतं, हे आपला आकडा कुठल्या रजिस्टरवरून तपासतो? आणि खाली नाव घाला. कवितांचं म्हणाल तर कॉलेजात दोन छापून आल्या होत्या, तिसरी संपादकांनी परत पाठवली, तेव्हापासून तो नाद सुटला.