प्रायोजकाला तुमची गरज आहे, त्याला ते माहीत नाही एवढंच

ड्रॅग रेसची, म्हणजे सरळ पट्ट्यावर दोघांनी सुसाट सुटायच्या शर्यतीची, गाडी तयार आहे. इंजिन तुम्ही स्वतः बांधलंय, क्लचवर अख्खा हिवाळा घालवलाय, ट्रेलरलाही रंग दिलाय. राहिलं काय, तर पैसे देणारा माणूस. बाब किरकोळ असल्यामुळे ती शेवटालाच ठेवावी. पहिली शर्यत तीन आठवड्यांवर आली की कंपन्यांना पत्रं लिहायला बसा. मोठ्या कंपन्यांचं जाहिरातीचं अंदाजपत्रक आदल्या वर्षीच ठरून जातं म्हणतात. ठरू दे. तुमचं पत्र वाचलं की ते पुन्हा उघडतील.

पत्र एकच लिहायचं आणि दोनशे ठिकाणी धाडायचं. कंपनी विमा विकते की रंग, तिचं गिऱ्हाईक कोण, हे शोधत बसलात तर हाताला वंगण कधी लागणार? माझ्या एका पत्रात आधीच्या कंपनीचं नाव तसंच राहून गेलं होतं. मी ते मनाला लावून घेतलं नाही. आपण इतरांकडेही जातो, हे समोरच्याला कळलेलं बरं.

पहिली चार पानं स्वतःबद्दल. लहानपणी पहिली रेस पाहिली, कानठळ्या बसल्या आणि तिथेच आयुष्याचं ठरलं, वगैरे. पुढची तीन पानं ब्लोअरबद्दल, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या सुपरचार्जरबद्दल. तो किती टक्के ओव्हरड्राइव्हवर फिरतो हे वाचून मार्केटिंगच्या बाईंना जे भरून येतं, ते विक्रीच्या आकड्यांनी कधी येत नाही. मग आठव्या पानावर, तळाशी, जागा उरलीच तर, त्यांना काय मिळणार ते सांगून टाका: गाडीवर लोगो. रक्कम लिहू नका. ताकाला जाऊन भांडं लपवायचं असतं, एवढं तर आपल्याला घरातून शिकवलेलं आहे. विचारलंच तर "तुम्हीच काय ते बघा" म्हणा.

आता या लोगोचा हिशेब. टॉप फ्युएल या सगळ्यात वेगवान वर्गातल्या गाडीचं 8.2 लिटरचं इंजिन 11,000 च्या वर अश्वशक्ती काढतं, आणि गाडी ताशी 530 किलोमीटरला पोहोचते. शर्यत मुळात पाव मैलाची. 2008 मध्ये अमेरिकेत इंग्लिशटाउनला स्कॉट कलिटा या ड्रायव्हरचा अपघाती मृत्यू झाला, त्यानंतर सगळ्यात वेगवान दोन वर्गांसाठी ती 1,000 फुटांवर, म्हणजे 305 मीटरवर आणली गेली. चांगली धाव 3.7 सेकंदांत आटोपते. म्हणजे शिंक आली तर लोगो गेला. ती आली नाही तरी 500 च्या वेगात 'अँड सन्स प्रायव्हेट लिमिटेड' वाचू शकणारा प्रेक्षक अजून जन्माला यायचाय. तुम्ही मात्र विकताना हेच सेकंद विका. प्रायोजकाच्या जागी बसून विचार करून बघा. नको, करूच नका.

कुणी खवचटपणे विचारेल, उरलेला दिवस गाडी असते कुठे? पिटमध्ये, म्हणजे गाड्या दुरुस्त होतात त्या आवारात असते. एनएचआरए या अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंग संघटनेच्या शर्यतीत तिकीट काढलेला कोणीही थेट पिटमध्ये येतो. प्रत्येक धावेनंतर इंजिन खोलून पुन्हा बांधावं लागतं, त्यात तासभर जातो, आणि तो तासभर दोरीपलीकडे बाप-लेक उभे असतात. फोन उंच धरून. गाडीवरचं अक्षरन् अक्षर वाचत. प्रायोजकाचं खरं दुकान इथे लागतं, म्हणून नेमकं इथेच ते बंद ठेवायचं. हत्यारांची ट्रॉली बरोबर लोगोच्या पुढ्यात उभी करा. पाठ लोकांकडे. एखाद्या पोराने "काका, हे काय करताय?" असं विचारलं तर "मागे हो" हे उत्तर हंगामभर पुरतं. प्रायोजकाने वाटायला दिलेले नमुन्यांचे खोके ट्रेलरमध्ये जुन्या पिस्टनांच्या खाली ठेवा. तिथे त्यांना कोणी हात लावत नाही.

तुम्हाला साप-मुंगसाची गोष्टही कोणीतरी ऐकवेल. डॉन प्रुडोम उर्फ 'स्नेक' आणि टॉम मॅक्यूएन उर्फ 'मंगूस', दोघे ड्रॅग रेसर. 1970 साली या दोघांच्या गाड्यांवर मॅटेल या खेळण्यांच्या कंपनीचं 'हॉट व्हील्स' हे नाव आलं. मोटारींच्या धंद्याशी संबंध नसलेली एवढी मोठी कंपनी ड्रॅग रेसिंगमध्ये तोवर उतरली नव्हती. (इंग्रजीतला तो मंगूस आपल्याच 'मुंगूस'वरून गेलाय, त्यामुळे त्या पैशात मराठीचा काही वाटा निघतो का, हे एकदा बघायला हवं.) यातून घ्यायचा धडा एकच, टोपणनाव. आजच एखादं ठेवून घ्या. त्या दोघांनी मॅटेलला नुसती गाडी विकली नव्हती, एक भांडण विकलं होतं. पोरांना घरात जमिनीवर लावता येईल असं, एक पिवळी गाडी, एक लाल, आणि एक घेतली की दुसरी घेतल्यावाचून खेळ होत नाही. पण हा भाग गाळा, तो फार व्यापारी आहे.

हो-नाही करता करता एखादी कंपनी गळाला लागते, आणि मग तिचा पाहुणा शर्यत बघायला येतो. माझ्याकडे आलेले गृहस्थ पांढऱ्या शर्टात होते. पिटमध्ये इंजिन गरम करायला घेतलं तेव्हा मी त्यांना मानाची जागा दिली, एक्झॉस्टच्या वाऱ्यातली. नायट्रोमिथेनचा, म्हणजे या गाडीच्या इंधनाचा धूर नाकाडोळ्यांत गेला की माणूस घळाघळा रडतो आणि श्वास कुठून घ्यायचा तेच विसरतो. त्यांच्यासाठी आणलेले कानांचे बोळे माझ्या खिशातच राहिले होते. इंजिन बंद झालं. डोळे पुसत ते काहीतरी बोलत होते, मला ऐकू आलं नाही, बहुतेक त्यांनाही नसावं. मी आपुलकीने त्यांचा दंड धरून त्यांना बाजूला नेलं. हात काढला तर बाहीवर माझी चार बोटं उमटलेली. काळी, ठळक, पंधरा फुटांवरूनही वाचता येतील अशी. त्यांच्या लोगोला गाडीवर इतकी चांगली जागा मी कधीच दिली नव्हती.

शर्यतीनंतर माइक समोर येतो. ड्रॅग रेसर जॉन फोर्ससारखं करू नका. तो गाडीतून उतरायचा आणि दम खायच्या आत कंपन्यांची नावं घ्यायला लागायचा, ती संपेपर्यंत मुलाखत घेणाऱ्याला शिरकाव नसायचा. तुम्ही क्लचबद्दल बोला. जिंकलात तर टोप्या बदलून बदलून फोटो काढतात, प्रत्येक देणाऱ्याची टोपी एकेकदा डोक्यावर. ते नाटक कशाला? आपली घामट शकुनाची टोपी बरी, आणि हातात प्रतिस्पर्धी कंपनीची बाटली, कारण तहान काय करार वाचून लागत नाही. हिरवा दिवा लागायच्या आत सुटलात आणि लाल दिवा पेटला, तर दोष प्रायोजकाच्या तेलाला द्या. तेही माइकवरच.

आणि जिंकलं की प्रायोजक टिकतो म्हणता? याच फोर्सने 2013 मध्ये सोळावं विजेतेपद घेतलं, आणि 2014 संपलं तेव्हा फोर्डही गेली आणि दोन दशकांहून अधिक काळ सोबत असलेली कॅस्ट्रॉलही. एनएचआरएच्या अख्ख्या मालिकेला 1975 पासून आपलं नाव देणारी विन्स्टन 2001 नंतर गेली. तंबाखूच्या जाहिरातींवर बंधनं आली होती, स्टार्ट लाइनवर कुणाचंच काही चुकलं नव्हतं. पुढे 2020 मध्ये त्याच मालिकेचा कोका-कोलाबरोबरचा करार मोडला आणि प्रकरण कोर्टात गेलं. यावरून शहाण्याने असा निष्कर्ष काढावा की जाणारे जातातच, मग हंगामाअखेर कसला अहवाल पाठवायचा? किती लोक पिटमध्ये आले, किती नमुने वाटले, पाहुण्यांपैकी कोणाचा कोणाशी सौदा जमला, या नोंदी ठेवायला तुम्ही काय कारकून आहात? फोन फक्त हप्ता थकला की करायचा. नाव विचारलं तर पूर्ण सांगायचं, कारण वर्षभरात ते विसरलेले असतात.

मग एक दिवस दोन ओळींचं पत्र येतं, 'धोरणात बदल'. हेअर ड्रायर घ्या आणि स्टिकर कोपऱ्यापासून हळूहळू सोलायला लागा. खाली गंमत असते. भोवतीचा रंग उन्हाने उतरलेला आणि अक्षरांखालचा तेवढा कोरा करकरीत, त्यामुळे कंपनीचं नाव आता पहिल्यापेक्षा स्वच्छ वाचता येतं, तेही फुकटात. तसं राहू देऊ नका. त्यावर नवा स्टिकर लावा, 'ही जागा जाहिरातीसाठी देणे आहे'. खाली फोन नंबर. अक्षर बारीक ठेवलंत तरी चालेल, ज्याला खरंच गरज आहे तो गाडीमागे धावत येईल.