डंपस्टर मागवताना आकार नाही, वजन विचारा

या ऑक्टोबरात आमच्या घराचं छत बदलून झालं. भेटेल तो विचारतो, शिंगल्स (छतावर ठोकायच्या डांबरी पट्ट्या) कुठले लावले, रंग कुठला, वॉरंटी किती वर्षांची. मला मात्र आज लिहायचंय ते ड्राइव्हवेत पाच दिवस उभ्या असलेल्या डंपस्टरबद्दल, म्हणजे मोडतोडीचा कचरा भरायला भाड्याने आणलेल्या त्या लोखंडी डब्याबद्दल. आमचं चुकलं ते तिथे आणि पैसे गेले तेही तिथेच. इथे न्यू जर्सीत आपली कितीतरी मंडळी नव्वदीच्या शेवटी आणि दोन हजारच्या सुरुवातीला बांधलेल्या घरांत राहतात. त्या घरांची पहिली छतं आता उतरायला आली आहेत. तुमच्यापैकी बरेच जण येत्या वसंतात हेच करणार आहात, म्हणून सविस्तर लिहितो.

आमचं घर त्याहून जुनं, सत्तरच्या दशकातलं. तीन रूफरकडून, म्हणजे छताचं काम करणाऱ्या कंत्राटदारांकडून, एस्टिमेट घेतलं. सगळ्यात कमी आकडा ज्याचा होता, त्याने डंपस्टर त्यात धरलाच नव्हता. "तो तुम्हीच मागवा, स्वस्त पडेल," म्हणाला. मला पटलं. भाड्याने देणाऱ्या कंपनीला फोन केला. पलीकडून पहिला प्रश्न आला, किती यार्डाचा? दहा, वीस, तीस, असे घनयार्डात आकार असतात. मी वीस सांगितला. दर ठरला, तारीख ठरली. "यात ३ टन धरलेत, पुढच्या प्रत्येक टनाला १२५ डॉलर" हेही त्या बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. मी ऐकलं आणि सोडून दिलं, कारण माझ्या डोक्यात फक्त जागा किती लागेल एवढंच होतं.

आता हिशोब बघा. छताचं काम 'स्क्वेअर'मध्ये मोजतात. एक स्क्वेअर म्हणजे १०० चौरस फूट. आमचं छत २२ स्क्वेअरचं. जुने साधे शिंगल्स एका स्क्वेअरला साधारण २०० ते २५० पौंड भरतात. आणि आमच्या छतावर एक नव्हे, दोन थर होते. आधीच्या मालकाने जुनं न काढता त्याच्यावरच नवं ठोकलं होतं. (दोन थर असले की तिसरा चढवायला बिल्डिंग कोड परवानगी देत नाही, सगळं उतरवावंच लागतं.) म्हणजे ४४ स्क्वेअरचा माल. २३० पौंडांनी धरला तरी १०,००० पौंडांच्या वर, म्हणजे ५ टन (इथला टन २,००० पौंडांचा). त्यात खालचा फेल्ट कागद आणि कुजलेल्या प्लायवूडच्या सात-आठ फळ्या. दुसऱ्या रात्री पाऊस पडला आणि डब्यावर ताडपत्री नव्हती; भिजला की माल आणखी जड होतो. रूफरला वाटलं ती मी टाकीन, मला वाटलं तो टाकेल.

रोज संध्याकाळी मी डब्यात डोकावायचो. तिसऱ्या दिवशीही तो पाऊणच भरलेला दिसत होता. एवढी जागा रिकामी आहे तर वाया कशाला घालवा, म्हणून गॅरेजमधलं मोडकं कपाट आणि बेसमेंटमधला जुना गालिचाही त्यात टाकला. वजनकाट्याची पावती आली ५.८ टनांची. वरचे २.८ टन, ३५० डॉलर. स्वस्त एस्टिमेट घेऊन जे वाचवलं होतं, त्यातलं बरंचसं इथे गेलं.

पैशांपेक्षा मला त्या कपाटाचं जास्त वाईट वाटतं. डांबरी शिंगल्समध्ये वजनाने पाव भागाच्या आसपास डांबरच असतं. ते वेगळे ठेवले तर दळून रस्त्याच्या डांबरात वापरता येतात. अमेरिकेत वर्षाला सुमारे १ कोटी १० लाख टन शिंगल्स टाकून दिले जातात असा अंदाज नेहमी दिला जातो, आणि त्यातला मोठा हिस्सा लँडफिलमध्ये जातो. डबा न्यायला आलेल्या ड्रायव्हरला मी विचारलं, हे कुठे जाणार? तो म्हणाला, नुसते शिंगल्स असते तर रिसायकलिंगवाल्याकडे नेले असते, आता लाकूड आणि गालिचा मिसळलाय, ते घेणार नाहीत. पाच टन माल माझ्या एका कपाटापायी जमिनीत गाडला गेला. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर ते कपाट मी हाताने उचलून टाऊनशिपच्या (इथल्या नगरपालिकेच्या) कचरा-यार्डात नेऊन दिलं असतं.

माझं आजोळ दापोली तालुक्यात. तिथे मे महिन्यात शाकारणी व्हायची. कौलं उतरवायची, शेवाळ खरवडायचं, फुटकी बाजूला काढायची, एखादी रीप कुजली असेल तर बदलायची, आणि तीच कौलं पुन्हा चढवायची. आम्ही मुलं साखळी करून कौल हातोहात द्यायचो. फुटक्या कौलांचे तुकडे गोठ्यापुढच्या चिखलात पसरले जायचे. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळात ते छत उडालं. तेव्हा मामाने पत्रा घातला, कारण तेवढी कौलं आणि ती चढवणारी माणसं एकदम मिळेनात. इथल्या छताची तशी डागडुजी होत नाही हे मला कळतं. पण छतावरून उतरलेली वस्तू पुढे कुठे जाते, हे विचारायची सवय मला त्या अंगणातच लागलेली, आणि नेमकी माझ्या स्वतःच्या घराच्या वेळी मी ती विसरलो.

म्हणून माझं ठाम मत असं आहे की डंपस्टर स्वतः मागवू नका. तो रूफरच्या एस्टिमेटमध्येच धरायला लावा आणि वजनाची जबाबदारी त्याच्यावर आहे हे लेखी घ्या. जो भरतो त्यानेच वजनाचे पैसे द्यावेत. मग ताडपत्री तो आपणहून टाकतो, आणि शिडी चढून कडेचा शिंगल उचलून थर किती आहेत तेही आधीच मोजतो. शंभर-दोनशे डॉलर जास्त सांगेल, सांगू दे. आणि तरीही स्वतःच मागवायचा असेल तर फोनवर आधी टनांचं बोला, यार्डांचं नंतर. डबा ड्राइव्हवेत ठेवणार असाल तर त्याच्या लोखंडी चाकांखाली फळ्या घालायला सांगा, आणि तो उचलताना वरच्या तारांना लागणार नाही हे बघा. रस्त्यावर ठेवायचा असेल तर टाऊनशिपला आधी विचारा.

आणि खिळे. एका स्क्वेअरला साधारण ८० शिंगल्स, प्रत्येकाला ४ खिळे, म्हणजे ३२० खिळे. आमच्या दोन थरांचा हिशोब चौदा हजारांच्या वर जातो. ते सगळे डब्यात पडत नाहीत. कामगार जाताना चुंबकाचा रोलर फिरवून गेले होते, तरी दुसऱ्या दिवशी मी तो एकाकडून मागून आणला आणि माझी मुलगी आणि मी पुन्हा अंगण धुंडाळलं. गवतातून रोलर पुढे सरकला की टक् टक् आवाज येतो. सव्वा इंचाचे, डोक्याला काळं डांबर चिकटलेले खिळे. सगळ्यात जास्त सापडले डंपस्टरच्या दाराच्या जागी आणि झुडपांच्या बुंध्याशी. दह्याचा पाच पौंडांचा मोठा डबा अर्धा भरला. शेजाऱ्यांची दोन लहान मुलं त्याच गवतात अनवाणी खेळतात. रूफरचा शेवटचा चेक देण्याआधी हा रोलर स्वतः, उजेडात, दोनदा फिरवा. तोवर पैसे हातचे ठेवा.

आमच्या गल्लीतल्या एका मराठी कुटुंबाचं छत एप्रिलमध्ये आहे. गेल्या रविवारी मी त्यांच्याबरोबर शिडीवर चढलो. कडेचा शिंगल उचलून पाहिला, एकच थर आहे. त्यांच्या करारात रूफरने दोन ओळी घालून दिल्या आहेत: डंपस्टर आणि वजनाचा सगळा खर्च त्याचा, आणि त्यात शिंगल्सशिवाय दुसरं काही टाकायचं नाही, रिसायकलिंगवाल्याची पावती द्यायची. तसा मजकूर कोणाला हवा असेल तर खाली लिहा, त्यांना विचारून पाठवतो.