पत्रा भंगारात, फ्लेक्स डोक्यावर

डोकं फिरलंय माझं. पुण्यात, पुस्तकांच्या दुकानांसाठी ओळखल्या जाणाऱ्या अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका दुकानाची जुनी पाटी उतरवली. निळा पत्रा, पिवळी अक्षरं, त्यांना लाल शॅडो, कोपऱ्यात बारीक अक्षरांत पेंटरचं नाव. त्यातला 'ळ' बघायला मी मुद्दाम त्या बाजूनं जायचो, हसा हवं तर. दोन्ही गोल भरदार, आणि ब्रश वळला तिथे रेघ बरोबर बारीक झालेली, बोरूनं काढल्यासारखी. आता तिथे लाइटवाला फ्लेक्स. त्यावर काय, तर 'दुसर्या मजल्यावर'. अहो, 'दुसऱ्या'! उचलून रफार केला आणि ठेवून दिला 'या'च्या डोक्यावर.

फ्लेक्स छापणाऱ्या पोराला विचारलं, तर म्हणे, "काका, वाचता येतंय ना?" येतंय बाबा. उलटा धरलेला पेपरही वाचता येतो.

हे का होतं तेही माहीत आहे. मजकूर व्हॉट्सॲपवर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतात येतो, दुकानात डिझाइनचं सॉफ्टवेअर कोरल जुनं, फाँट युनिकोडच्या आधीचे. चिकटवलं की वेलांटी भलत्याच अक्षराला, जोडाक्षराचे पाय मोडलेले. मग हातानं ठाकूनठोकून बसवायचं, आणि ते बसवणाऱ्याला र्‍हस्व-दीर्घाशी देणंघेणं नाही. आणि छापून झालं की मालकही एकदा वाचून बघत नाही! स्वतःच्या दुकानाचं नाव!!

'ल' आणि 'श' तर विचारूच नका. सगळीकडे दंडाचा 'ल' आणि गाठीचा 'श', हिंदी वळणाचे. पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' हे आपले, आणि २००९ च्या शासन निर्णयात सरकारनंही तेच सांगितलंय. बऱ्याच नव्या फाँटमध्ये दोन्ही रूपं असतात, भाषा 'मराठी' निवडली की आपलं रूप येतं. एक क्लिक. 'यात्रा वन' नावाचा फाँट तर मुंबई लोकलच्या स्टेशनांवरच्या हातानं रंगवलेल्या पाट्या बघून केलाय, फुकट मिळतो. तेव्हा पैशाचं कारण सांगू नका.

मुंबईच्या जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याचे खिळे, म्हणजे छपाईचे टाइप, एके काळी देशभर नावाजलेले. सुबक देवनागरी म्हणजे मुंबईचं वळण, असं लोक मानायचे. त्याच महाराष्ट्रातल्या पुण्यात, त्यातही पुस्तकांच्या चौकात, ही अवस्था.

आणि ते 'विंटेज' कॅफेवाले! डेक्कनला एकानं म्हणे जुन्या पुण्याचा फील दिलाय. व्हिनाइलवर छापलेले खोटे ब्रशचे फटकारे, खोटे गंजाचे डाग, आणि देवनागरी काय, तर शिरोरेषा ओढून देवनागरीचं सोंग केलेली इंग्रजी अक्षरं. तिकडे पेठेत खरा गंजलेला पत्रा किलोच्या भावानं जातोय, आणि इकडे गंज छापून घेतायत. कॉफी अडीचशे रुपये. (कॉफी बरी होती. ते जाऊ द्या.)

२०२२ मध्ये कायदा बदलला, पाटीवर मराठी अक्षर इतर लिपीपेक्षा लहान नको. चांगलं झालं, मीही टाळ्या वाजवल्या. पण तपासायचं काय, तर उंची. अक्षर केवढं ते टेप लावून बघा, कसं आहे ते गेलं चुलीत. म्हणून मग इंग्रजी नाव डिझायनरकडून पैसे मोजून, आणि मराठी त्याच्या डोक्यावर जो पहिला फाँट सापडला त्यात, शिरोरेषा तुटलेली, आडवं ताणून रुंद केलेलं.

शनिवार-नारायण पेठेत काही जुन्या इमारतींवर सिमेंटमध्ये उठावाची नावं अजून आहेत. पुनर्विकासाची नोटीस लागली की तीही जाणार. कुणी फोटोसुद्धा काढून ठेवत नाही.

दुकानदारांनो, पाटी बदलायचीच असेल तर बदला, दुकान तुमचं आहे. पण पत्रा भंगारवाल्याला देण्याआधी मला एक हाक मारा. भंगाराचा भाव मी देतो, वर रिक्षाही माझी.