सदाफुलीच्या पानांबद्दल: माझ्याच पोस्टचा खुलासा

सदाफुलीपासून कर्करोगाचं औषध निघतं, असं मी गेल्या आठवड्यात लिहिलं होतं. दादर-परळच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर आता ते ‘रोज अनशापोटी पाच पानं खा, कॅन्सर बरा होतो’ असं होऊन फिरतंय. अर्धी चूक माझीच; अर्धवट लिहिलं.

व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिन्ब्लास्टिन ही कर्करोगाची औषधं सदाफुलीतलीच, हे खरं. १९५० च्या दशकात कॅनडात सदाफुलीचा अर्क मधुमेहासाठी तपासत होते. उंदरांना तोंडावाटे दिला, साखर काही उतरली नाही. शिरेत टोचला, तर रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी घटल्या आणि उंदीर जंतुसंसर्गाने दगावले. पेशी मारणारं हेच विष मग कर्करोगाच्या पेशींवर वापरलं; म्हणजे औषधाचा शोध लागला तोच त्याच्या विषारीपणातून!

आज व्हिन्क्रिस्टिनचा डोस मोठ्या माणसालाही एका वेळी सहसा २ मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत, तोही शुद्ध करून, फक्त शिरेतून. तरीही हातापायांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो. पाच पानांत काय नि किती, कोण मोजणार? आणि ‘प्रयोगशाळेत या पानांच्या अर्काने कर्करोगाच्या पेशी मरतात’ असं कुणी म्हणेल, तर तिथल्या बशीत त्या ब्लीचनेही मरतात.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. कुणी पानं खाल्ली असतील, विशेषतः केमो चालू असताना, तर न लाजता डॉक्टरांना सांगा. कुंडीतलं झाड मात्र उपटू नका, त्याचा काही दोष नाही.